मेंढ्यांचा वाडा यंदा आला नाही



मागच्या आठवड्यात माती परीक्षणाचा अहवाल हातात आला. नदीकडच्या दोन एकराचा सेंद्रिय कर्ब 0.38 टक्के. 0.40 च्या खाली म्हणजे 'कमी'. कृषी सहायक साहेबांनी कागद बघितला आणि सरळ विचारलं, "तुम्ही तर दरवर्षी मेंढ्या बसवता ना? यंदा का नाही बसवल्या?" मी म्हटलं, साहेब, मेंढ्या आल्याच नाहीत. का, तर ती गोष्ट बांधावर उभं राहून सांगण्यासारखी नाही, सावकाश लिहितो.

एका वर्षात कर्ब पडत नाही हे मलाही कळतं. तो पडायला आपण वीस वर्षं पाचट जाळलेलं असतं आणि बैल विकलेले असतात. पण मेंढ्या न येण्याचं कारण खताचं नाही. ते माणसांचं आहे. या पानावर मी एरवी कांदा, ऊस, पाणी, फवारणी याच्या पलीकडे जात नाही. आज जरा जातो. कारण शेतीच्या खर्चात आता एक नवं खातं धरावं लागतंय, अविश्वासाचं. दुकानदारासारखं त्याचं बिल येत नाही म्हणून ते वहीत दिसत नाही एवढंच.

आधी जुनं सांगतो. माझं वय पंचावन्न. 1972 च्या दुष्काळात मी मांडीवरचं पोर होतो, तो दुष्काळ मी ऐकलाय, पाहिला नाही. पण त्यानंतरची खळी मी पाहिलीत. ज्वारीची कणसं खुडून खळ्यावर आणायची, मधी तिवडा, बैलांची पात फिरायची. वारं नसलं तर उफणणी आठ-आठ दिवस लांबायची. तेवढे दिवस रास उघड्यावर. राखणीला एक म्हातारा आणि एक कुत्रं. सकाळी रास जेवढीच्या तेवढी.

इर्जिक तर आमच्या भागातल्या पन्नाशीच्या पुढच्या प्रत्येकाने बघितलेली आहे. एखाद्याचा बैल बसला, घरात आजारपण आलं, की गावातली दहा-बारा औतं एका दिवशी त्याच्या वावरात उभी राहायची. संध्याकाळपर्यंत नांगरट पुरी. मजुरी नाही, जेवण तेवढं. आमचे वडील, नाना, म्हणायचे की इर्जिकीचा हिशोब कोण वहीत लिहीत नाही, तो तोंडावर असतो. जो दुसऱ्याच्या इर्जिकीला गेला नाही त्याच्या वावरात पुढच्या वर्षी औत यायचं नाही.

आणि सरवा. भुईमूग उपटून झाला, कांदा निघाला, ज्वारी काढून झाली, की मागे राहिलेलं वेचायला गावातल्या गरीब बाया यायच्या. मालकाने त्यांना हाकलायचं नाही, हा रिवाज होता. भुईमुगाच्या सरव्यावर दोन-चार महिन्यांचं तेल निघणारी घरं मला माहीत आहेत. आता सरवा वेचायला बाई बांधावर आली की पोरं विचारतात, "कोण तू? कुणाला विचारून आली?" काढणी झाली की दुसऱ्या दिवशी रोटर फिरतो. शेंगा मातीत गेल्या तरी चालतील, पण कुणी वेचायला नको.

हे सगळं लिहिलं की कुणीतरी म्हणणार, अहो, जुनं ते सोनं. मी तसं म्हणत नाही. जुन्यातलं काय काय झाकलं जातं तेही सांगायला पाहिजे.

पहिली गोष्ट, बलुतं ही दया नव्हती. वर्षभर ज्याने आपलं औत भरलं, चपला शिवल्या, निरोप पोचवले, त्याची ती मजुरी होती, आणि ती द्यायची कधी नि किती हे आपण ठरवायचो. त्यातली बरीच घरं गाव सोडून पुण्याला गेली ती काय उगाच गेली नाहीत.

दुसरी गोष्ट, चोरी तेव्हाही व्हायची. कोंबडी, शेरडू, कणसं, कधी बैल. आणि चोरी झाली की पहिला संशय कुणावर, हे चोरी व्हायच्या आधीच ठरलेलं असायचं. माळावर पालं पडलेली असली की संपलं. इंग्रजांनी 1871 साली कायदा करून काही जमातींच्या कपाळावर जन्मतःच गुन्हेगार असा शिक्का मारला होता. तो कायदा 1952 साली देशातून गेला, 31 ऑगस्टला. आजही त्या लोकांचा तो विमुक्त दिन असतो. कायदा गेला, पण गावाच्या डोक्यातला शिक्का काय गेला नाही. मी शाळेत असताना गावात एक बकरी गेली, तर पालावरच्या एका माणसाला चावडीपुढं दिवसभर बसवून ठेवलं होतं. बकरी तिसऱ्या दिवशी विहिरीत सापडली. त्याला कुणी 'चुकलं' म्हटलं नाही.

तिसरी गोष्ट, न्याय. तेव्हा बेलभंडारा उचलायला लावायचे. खोटी शपथ घेतली तर वंश बुडेल या भीतीने माणूस खरं बोलायचा. पण गाव एखाद्यावर रुसलं तर वाळीतही टाकायचं, पाणी-विस्तव बंद. आता त्याला महाराष्ट्रात 2016 चा कायदा आहे, सामाजिक बहिष्कार हा गुन्हा आहे, आणि तो झाला ते बरं झालं.

म्हणजे जुना माणूस देव होता असं नाही. पण एक होतं. माणसाला माणसाची गरज होती. माझ्या बैलाशिवाय तुझी नांगरट नाही, तुझ्या हाताशिवाय माझी मळणी नाही. ज्याची उद्या गरज लागणार त्याचं आज चोरायचं कसं? प्रामाणिकपणाच्या मुळाशी अशी ही अडचण होती. ट्रॅक्टर आला, मळणी यंत्र आलं, उक्ती कामं आली, अडचण संपली. मी यंत्राला नावं ठेवत नाही. माझी कंबर यंत्रामुळे शाबूत आहे. पण त्या अडचणीबरोबर दुसरंही काहीतरी गेलं.

आता चोरी कशाची होते ते बघा. मोटेच्या काळात विहिरीवर चोरण्यासारखं काय होतं? कातड्याची मोट आणि सोल. आज नदीकाठी मोटर, केबल, स्टार्टर, फूट व्हॉल्व्ह, ठिबकचा फिल्टर, सौर पंपाच्या पाट्या. हे सगळं घरापासून अर्धा-एक किलोमीटर लांब, अंधारात. पाच एचपीच्या मोटरीतून तांबं निघतं तीन-चार किलो. चोराला मिळाले दोन-तीन हजार, आपलं नुकसान पंचवीस-तीस हजार आणि वर दहा-बारा दिवसाचं पाणी चुकतं ते वेगळंच. ऐन पोसणीच्या वेळी कांद्याचं एक पाणी चुकलं तर काय होतं ते तुम्हाला मी सांगायला नको. रोहित्रातलं ऑईल आणि तांबं गेलं की एकाचं नाही, पन्नास जणांचं पाणी बंद. घोड नदीवरच्या कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्यांचे लोखंडी ढापे भंगारात जातात, आणि उन्हाळ्यात अडवलेलं पाणी रातोरात खाली निघून जातं. ढापा चोरणारा लोखंड नेतो, पण जातं ते सगळ्या काठाचं पीक.

भाव वाढला की चोरी वाढते. 2023 च्या जुलैमध्ये टोमॅटो किलोला शंभराच्या वर गेला तेव्हा तोडलेले क्रेट रात्रीतून गेल्याच्या बातम्या आपल्याच भागातून आल्या. आयुष्यभर जो टोमॅटो आपण रस्त्यावर ओतला, त्याला पहिल्यांदा राखण बसवावी लागली. कांद्याला भाव आला की चाळीला कुलूप.

आणि राखण करायची कुणी? वीज एक आठवडा दिवसा, एक आठवडा रात्री. उसात बिबट्या. आमच्याकडे रात्री एकटा माणूस मोटरीकडं जात नाही, दोघं जातात, बॅटरी आणि काठी घेऊन, मोबाईलवर गाणी मोठ्याने लावून. चोरांना ते माहीत आहे. बिबट्याच्या भीतीनं मालक घरात, म्हणून चोराला नदीकाठ मोकळा.

पण नुसतं चोरांवर बोट दाखवून चालायचं नाही. आपल्या शेतकऱ्यांच्या प्रामाणिकपणाचंही बोलू. गोणीच्या तोंडाला मोठा कांदा आणि मधी गोल्टी, हे कोण भरतं? फवारणी केली आज, औषधाच्या डब्यावर प्रतीक्षा कालावधी लिहिलाय सात दिवसाचा, आणि तोडा करतो परवा, कारण बाजार तेजीत आहे. घरच्या भाजीचा एक वाफा वेगळा ठेवून त्यावर मात्र फवारत नाही. दुधात पाणी. तारेवर आकडा. आकडा टाकणाऱ्याला गावात चोर कुणी म्हणत नाही, 'जुगाड' म्हणतात. वीज कायद्याच्या 135 कलमात ती चोरीच आहे. आकड्याने रोहित्र जळतं आणि वेळेवर बिल भरणाऱ्याचं पीक वाळतं. मोटर चोरणारा रात्री येतो, आकडेवाला दिवसाढवळ्या राम राम घालतो, एवढाच फरक.

व्यापाऱ्यांचं तर वेगळं पुराणच आहे. कायद्याप्रमाणे बाजार समितीत विकलेल्या मालाचे पैसे त्याच दिवशी मिळायला पाहिजेत. पण द्राक्ष, डाळिंबाचे सौदे बांधावर होतात. पहिल्या दोन गाड्यांचे पैसे रोख, मग विश्वास बसला की पुढच्या पाच गाड्या उधार, मग फोन बंद. 2020 साली नाशिक परिक्षेत्राचे पोलीस महानिरीक्षक प्रताप दिघावकर यांनी अशा बुडव्या व्यापाऱ्यांच्या मागे पोलीस लावले, तेव्हा शेतकऱ्यांचे अडकलेले पैसे निघायला लागले. म्हणजे मनावर घेतलं तर होतं. पण तोपर्यंत आपल्याकडे समज काय होता? 'व्यवहारात असं चालायचंच.' दोन हजाराच्या तांब्यासाठी माणूस खांबाला बांधायचा आणि दोन लाख बुडवणाऱ्याला पुढच्या हंगामात परत शेठ म्हणायचं. गुन्हा कशाला म्हणायचं हेच आपलं बिघडलंय, असं मला वाटतं.

आता मेंढ्यांकडे येतो.

2024 च्या पावसाळ्यात रात्री आकाशात ड्रोन दिसतात अशी आवई उठली. पुणे, नगर, बीड, संभाजीनगर, सगळीकडे. चोर ड्रोननं टेहळणी करतात म्हणायचे. गावोगाव पोरं काठ्या घेऊन रात्री फिरायला लागली. ड्रोनमुळं आमच्या गावातली एकही चोरी झाल्याचं पुढं निघालं नाही, पण भीती मुक्कामाला राहिली. त्यातच दिवाळीनंतर नदीवरच्या सहा मोटारी पंधरा दिवसात गेल्या. त्यातली एक माझी. गाव तापलं.

पारनेरकडचे एक मेंढपाळ आमच्या वावरात मागची बावीस वर्षं वाडा बसवत होते. त्यांच्या वडिलांपासूनची ओळख. सव्वाशे-दीडशे मेंढ्या, दोन घोडी, चार कुत्री, बाया-पोरं. चार रात्री वाघर लावून मेंढ्या बसल्या की लेंडी आणि मूत सगळ्या वावरात सारखं पडतं, पसरायची मजुरी नाही. पूर्वी त्याचे पायली-दोन पायली धान्य आणि जेवण असायचं, आता रात्रीवर पैसे ठरतात. पण माणूस तोच. माझ्या आईला ते मावशी म्हणायचे. आई गेली तेव्हा दहाव्याला चाळीस किलोमीटरवरून आले होते.

डिसेंबरातल्या एका रात्री त्यांची मेंढी बिबट्याने उचलली. ते आणि त्यांचा सतरा वर्षांचा मुलगा बॅटरी घेऊन ओढ्याने माग काढत निघाले आणि गस्तीच्या पोरांच्या हातात सापडले. रात्रीचे दीड वाजलेले, अंगावर घोंगडी, हातात कुऱ्हाड. मेंढपाळाच्या हातात कुऱ्हाड नसणार तर काय असणार? पण कुणी ऐकून घेईना. दोघांना बंधाऱ्याजवळच्या खांबाला बांधलं. मुलाच्या पाठीवर काठ्या पडल्या. एकाने व्हिडिओ काढून ग्रुपवर टाकला, 'मोटार चोर सापडले.' वीस मिनिटात पन्नास-साठ माणसं गोळा झाली. तो म्हातारा एकच सांगत होता, माझं नाव घेऊन, की त्यांना बोलवा, ते ओळखतात.

मला फोन आला, मी आणि शेजारचे दोघं मोटरसायकलवर गेलो. तोवर आमच्या वस्तीवरची एक म्हातारी पुढं झालेली होती. तिने त्या मुलाच्या अंगावर स्वतःचा पदर टाकला होता आणि पोरांना म्हणत होती, "मारायचं तर आधी मला मारा, ह्याच्या आज्यानं माझं वावर खतवलंय." मी दोऱ्या सोडल्या. पोलीस पाटलांना बोलावलं. व्हिडिओ काढून टाकायला लावला, पण तोवर तो चार गावात गेला होता.

लोकहो, मला त्या रात्री राईनपाडा आठवत होतं. 1 जुलै 2018, धुळे जिल्हा, साक्री तालुका. नाथपंथी डवरी गोसावी समाजाची पाच माणसं, भिक्षा मागून पोट भरणारी, मुलं पळवणारी टोळी समजून लोकांनी ठेचून मारली. बाजाराचा दिवस होता. ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडून मारली. मोबाईलवर फिरणाऱ्या अफवेवरून. मारणारी माणसं रोजची, आपल्यासारखीच, बी-बियाणं घेणारी, दूध घालणारी. 2020 साली पालघरच्या गडचिंचल्यातही तेच झालं, तीन जीव गेले. आमच्या बंधाऱ्यावर आणि राईनपाड्यात फरक होता तो एका म्हातारीच्या पदराचा आणि वीस मिनिटांचा.

दुसऱ्या दिवशी मी त्यांच्या वाड्यावर गेलो. मुलाला दवाखान्यात नेऊन आणला होता. मी म्हटलं, तक्रार द्या, मी साक्षीला उभा राहतो. ते म्हणाले, "दाजी, आम्ही फिरस्ती माणसं. तक्रार दिली तर ह्या वाटेनं परत जायचं कसं?" दुपारी त्यांनी बिऱ्हाड घोड्यांवर लादलं. यंदा ते वरच्या अंगाने दुसऱ्या तालुक्यातून गेले. आमच्या गावाला वळसा घालून. त्यांचं बघून दुसरे दोन वाडेही आले नाहीत. साहेब, मेंढ्या का नाही बसवल्या, त्याचं उत्तर हे आहे.

आता मोटारी कुणी नेल्या तेही ऐका.

फेब्रुवारीत तालुक्याच्या एका भंगारवाल्याकडे दुसऱ्या प्रकरणात पोलीस गेले, तिथं आमच्या गावच्या मोटारींचे सांगाडे मिळाले. माझ्या मोटरीवर मी वेल्डिंगने आद्याक्षरं उमटवलेली होती, म्हणून ओळख पटली. विकणारा निघाला आमच्याच गावचा, तेवीस वर्षांचा पोरगा. मोबाईलवर पैसे लावून रमी खेळायचा, कर्ज झालेलं. गस्तीच्या ग्रुपमध्ये होता. त्या रात्री बंधाऱ्यावरही होता, पुढच्या रांगेत.

त्या दिवशी गावाचा सूर बघण्यासारखा होता. ज्या पोरांनी मेंढपाळाला बांधलं तीच म्हणायला लागली, "जाऊ द्या ना, आपलाच आहे. वय काय त्याचं? भरतीची तयारी करतोय, केस झाली तर चारित्र्य पडताळणीत अडकेल." मंदिरात बैठक झाली. पैसे भरून घ्या आणि मिटवा, असं सगळ्यांचं मत. त्याचे वडील माझ्या बरोबरीचे. त्यांच्या वडिलांची बैलजोडी आमच्या इर्जिकीला यायची. ते माझ्यासमोर हात जोडून उभे राहिले. बोलले काहीच नाहीत. बोलले असते तर सोपं गेलं असतं.

मी तक्रार मागे घेतली नाही. बैठकीत मी एवढंच विचारलं की त्या मुलाच्या पाठीवर वळ उठले तेव्हा त्याचं वय किती होतं, ते कुणी विचारलं का? परक्याला काठी आणि आपल्याला माफी, हा न्याय नाही, ही भावकी झाली. नव्या न्याय संहितेत 303 कलमाखाली चोरीला तीन वर्षांपर्यंत शिक्षा आहे. पहिलाच गुन्हा असेल, माल पाच हजाराच्या आतला असेल आणि तो परत केला, तर समाजसेवेची शिक्षा देण्याची सोयही त्यातच ठेवलेली आहे. म्हणजे दया करायची जागा कायद्यातही आहे. ती कुणाला द्यायची ते कोर्ट ठरवील. पण खांबाला बांधणं आणि गुपचूप मिटवणं, या दोन्ही गोष्टी कायद्यात बसत नाहीत, आणि आम्ही वर्षभरात दोन्ही करून बघितल्या.

त्या पोराला जामीन मिळाला, केस चालू आहे. त्याचे वडील माझ्याशी बोलत नाहीत. मी बांधावरून हाक मारतो, ते मान खाली घालून जातात. यंदाच्या सप्टेंबरच्या पावसात त्यांचं कांद्याचं सगळं रोप सडलं. आमच्याकडं उरलं होतं, तर मंडळींनी चार वाफ्यांचं रोप पाठवून दिलं. घेतलं त्यांनी. पैसे पाठवले, ते आम्ही परत पाठवले, ते त्यांनी परत पाठवले. शेवटी घेतले. हिशोब चुकता झाला, अबोला तसाच आहे. केस आणि रोप या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे मी गावाला कसं समजावू मला कळत नाही. चोरीला चोरी म्हणायचं, आणि चोराचं घर उघड्यावर पडू द्यायचं नाही. नानांच्या पिढीला दुसरी गोष्ट यायची, पहिली कधीकधी चुकायची. आपल्याला दोन्ही जड जातात.

तरी माणुसकी मेली असं मी लिहिणार नाही, कारण ते खरं नाही. 2019 च्या ऑगस्टमध्ये सांगली-कोल्हापूरला पूर आला तेव्हा आमच्या गावातून चाऱ्याच्या दोन गाड्या गेल्या, कुणी पावती मागितली नाही. करोनात लोकांनी कोबी-टोमॅटो फुकट वाटला. बिबट्या दिसला की एका फोनवर दहा माणसं येतात. पण हायवेला मागच्या वर्षी मालाचा ट्रक पलटी झाला, तेव्हा एकाच गर्दीतली चार माणसं ड्रायव्हरला काच फोडून बाहेर काढत होती आणि चाळीस माणसं क्रेट घेऊन पळत होती. दोन्ही आमच्याच पंचक्रोशीतली. माणसं चांगली की वाईट, या प्रश्नाला उत्तर नाही. चार आणि चाळीस हा आकडा कसा बदलायचा, हा खरा प्रश्न आहे.

आम्ही गावात काय ठरवलं ते लिहितो, कुणाला उपयोग झाला तर करा.

1. मोटर, स्टार्टर, सौर पंप आणला की नंबरपाटीचा फोटो आणि पावती मोबाईलमध्ये आणि घरी कागदावरही. मोटरीच्या बॉडीवर वेल्डिंगने किंवा पंचने नाव-गट नंबर. रंगाने लिहू नका, खरवडून निघतो.

2. चोरी झाली की रक्कम लहान असली तरी तक्रार द्यायची. हद्द कुणाची हा वाद असेल तर कुठल्याही ठाण्यात झिरो एफआयआर नोंदवता येतो, भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या 173 कलमाप्रमाणे. एफआयआरची प्रत फुकट मिळते, मागून घ्यायची. तक्रारच नसेल तर कागदावर आपलं गाव चोरीमुक्त दिसतं आणि गस्तीची गाडी येत नाही.

3. चोरीचा माल घेणाराही गुन्हेगार आहे, 317 कलम. तालुक्यातल्या भंगारवाल्यांनी तांबं विकणाऱ्याचं नाव आणि ओळखपत्राची नोंद ठेवावी, यासाठी आम्ही ग्रामसभेचा ठराव करून पोलीस ठाण्यात दिलाय. तांबं विकलंच गेलं नाही तर मोटर कोण चोरील?

4. गस्त घालायची ती ग्रामसुरक्षा दलात नाव नोंदवून. संशयित माणूस दिसला तर 112 ला फोन, पोलीस पाटलांना फोन, आणि पोलीस येईपर्यंत त्याला बसवून पाणी द्यायचं. हात लावायचा नाही. व्हिडिओ काढायचा नाही. पाच-सहा जणांनी मिळून जात-जमात बघून माणूस मारला तर नव्या संहितेच्या 103 कलमात फाशी किंवा जन्मठेप आहे, आणि त्यात आपलीच वीस-बावीस वर्षांची पोरं जातील.

5. गावात येणारे मेंढपाळ, ऊसतोड टोळ्या, पालावरची माणसं यांची नावं आणि फोन पोलीस पाटलांकडे राहतील. त्यांच्यावर पाळत ठेवायला नाही, रात्री-अपरात्री कुणी अडवलं तर त्यांना ओळखणारं कुणीतरी असावं म्हणून. कुणाच्या वावरात उतरलेत त्याचं नावही शेजारी.

6. पुढच्या हंगामापासून भुईमूग आणि कांद्याच्या काढणीनंतर दोन दिवस वावर सरव्याला मोकळं. रोटर तिसऱ्या दिवशी. याला आत्तापर्यंत अकरा शेतकऱ्यांनी होकार दिलाय, गावात खातेदार दोनशेच्या वर आहेत. अकरा तर अकरा.

मेंढपाळांकडं मी पारनेरला दोनदा जाऊन आलो. चहा झाला, मुलाची विचारपूस झाली, तो आता पुण्यात एका गोदामात कामाला लागलाय, मेंढ्यांमागं यायचं नाही म्हणतो. पुढच्या कार्तिकात वाडा येईल का, याला ते हो म्हणाले नाहीत आणि नाहीही म्हणाले नाहीत. "तुमच्या गावानं बोलवलं तर बघू," म्हणाले. माझ्या एकट्याच्या बोलावण्यानं भागणार नाही, हे त्यांचं बरोबर आहे. म्हणून येत्या ग्रामसभेत तो विषय घ्यायला मी सरपंचांना लेखी दिलंय.

तोवर नदीकडच्या दोन एकरात ताग टाकणार आहे, एकरी वीस-पंचवीस किलो बी, फुलोऱ्याच्या आधी गाडायचा. त्याचे आकडे पुढच्या अहवालात देतो. राम राम.